ओला गुडघा

बगळ्याला मासोळ्या मोजायला बसवावं, तसं यंदा मला शाळांच्या परसबागांना गुण द्यायला पाठवलं. समिती तिघांची होती. एकाला नेमका निघायच्या दिवशी ताप आला, दुसऱ्या बाईंकडे पाहुणे आले, आणि उरलो मी. पंचायत समितीतला कारकून, ज्याच्या हातून कुंडीतली तुळससुद्धा आजवर दोन उन्हाळे पाहून गेली नाही. हातात छापील तक्ता आणि त्यात रकाने. कुंपण आहे का, खताचा खड्डा आहे का, बागेतली भाजी मुलांच्या आहारात वापरली जाते का. तिसऱ्या दिवशी यादीत माझ्याच शाळेचं नाव निघालं. अहेरीहून गाडी काढली तेव्हा मी स्वतःला बजावलं, की आपण साहेब म्हणून चाललोय, तर साहेबासारखं वागायचं.

फाटकापाशीच सगळं बारगळलं. बाग दिसायच्या आधी तिचा वास आला.

वालाच्या वेलाचा वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. ज्याला माहीत नाही त्यानं एक पान चुरडून पाहावं. उग्र, हिरवा, थोडासा ढेकणाच्या जातीचा. मावा पडू नये म्हणून त्याच्यावर चुलीतली राख फुंकतात. सकाळच्या दवानं ती राख ओली झाली की त्या वासात एक करडी धार येते. चांगल्या माणसांना असल्या वासांनी आई आठवते, अंगण आठवतं. मला मैनी आठवते, आणि माझ्या पोटात काहीतरी कुरतडायला लागतं. वीस-बावीस वर्षं झाली, कुरतडणारा उंदीर तोच आहे. जरा लठ्ठ झालाय एवढंच.

वेल मांडवावर चढलेला होता, जांभळ्या कडांच्या शेंगा लोंबत होत्या, आणि खाली विटांच्या कडेला झारी ठेवलेली होती. तीच. हिरवा रंग आता फक्त मुठीच्या बेचक्यात उरलाय, जिथं बोटं पोचत नाहीत. बाकी सगळी गंजाच्या रंगाची. तोटीला मात्र अजून ते चाळणीसारखं तोंड होतं. मी तक्ता बगलेत मारला आणि बराच वेळ नुसता तिच्याकडे बघत उभा राहिलो.

आमच्या वेळी सातवीतल्या प्रत्येकाला एकेक वाफा असे. झारी मात्र सगळ्या शाळेत एकच. गुरुजींनी ती चंद्रपूरहून एसटीच्या टपावर बांधून आणलेली. सोमवारी प्रार्थना झाली की ते हात मागे बांधून वाफ्यांमधून फिरत, मध्येच वाकून एखादं पान उलटून बघत, आणि मग काही न बोलता झारी उचलून कुणाच्या तरी हातात देत. ज्याचा वाफा उजवा, त्याची झारी, आठवडाभर. बाकीचे आम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून पाणी घालायचो. डब्याचं पाणी पचकन पडतं, माती उकरते, रोपं आडवी होतात. झारीचं पाणी पडताना मात्र असा आवाज यायचा, जणू कुणी तांदूळ सुपात हळूच सरकवतंय. तो आवाज दुसऱ्याच्या वाफ्यातून ऐकत आपल्या वाफ्यात उकिडवं बसणं काय असतं, हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक.

झारी गळकी होती. बुडाच्या सांध्यातून, डाव्या अंगाला. भरून उचलली की चालताना डाव्या गुडघ्यावर थेंब पडत राहायचे. कुणीही ती डागून आणली असती, पण कुणी आणली नाही, कारण ओला गुडघा हाच तर मान होता. संध्याकाळी शाळा सुटली की गावातली माणसं चेहरे बघायच्या आधी पोरांचे डावे गुडघे बघायची.

आता सांगायला हरकत नाही. मी घरी जाताना हातपंपावर थांबायचो, डावा गुडघा ओंजळीनं ओला करायचो, आणि वाळायच्या आत आईला दिसावा म्हणून पळत सुटायचो. आमचं घर मासेमारांचं. आई दारात सुकट निवडत बसलेली असायची. मान वर करून म्हणायची, “भेटली वाटते आज झारी?” मी हो म्हणायचो. ती एक गुळाचा खडा द्यायची. माझी आई काही भोळी नव्हती, आणि पंपाकडून येणारा रस्ता आमच्या दारातून सरळ दिसायचा. हे माझ्या ध्यानात यायला मला स्वतःला पोर व्हावं लागलं.

खरी झारी मैनीकडे असायची. सोमवारमागून सोमवार.

मैनी नाल्यापलीकडच्या टोल्यावरून यायची. टोला सगळा गोंडांचा, मोहाच्या झाडांत लपलेला, तीसेक घरांचा. पोरगी एवढीशी, वर्गात धडा वाचताना आवाज फुटायचा नाही, पण वाफ्यात गेली की तिच्यात कुणी मोठी बाई शिरायची. फ्रॉकच्या खिशातून घरचं वालाचं बी घेऊन आली, तीन वाळक्या फांद्या रोवल्या, बुडाशी बोरीच्या काट्या खोचल्या आणि मग काही केलंच नाही. नुसती बसून राहायची. मी तोवर माझी वांगी रोज उपटून बघत होतो, मूळ धरलं का नाही ते. वेलाशी ती गोंडीत काहीतरी पुटपुटायची. मी एकदा विचारलं, “काय सांगून राह्यली व त्याले?”

“काई नाई. कुठी जायचं ते.”

आणि वेल जायचा ना तिकडेच! माझ्या वांग्यांना मात्र मी मराठीत, हिंदीत, शिव्यांत, सगळ्यांत समजावून पाहिलं.

दसरा झाल्यावर माझ्या डोक्यात ती मासोळ्यांची अक्कल शिरली. बाप नेहमी म्हणायचा, माशांची घाण घराजवळ टाकू नका रे, डुकरं येऊन सारं उकरतात. पोरांनी बापाचं ऐकावं म्हणतात, ते मी त्या एका दिवशी ऐकलं. सडलेल्या बारीक मासोळ्या आणि झिंग्यांची टरफलं पळसाच्या पानात बांधली, दप्तरात भूगोलाच्या पुस्तकाशेजारी ठेवली, आणि दुपारी सगळे खिचडीला बसले तेव्हा बोरीच्या काट्यांतून हात घालून मैनीच्या वेलाच्या बुडाशी पुरली. मनगट ओरबाडून निघालं. पुरावा राहू नये म्हणून हात आणि ते पान मी नीट धुतलं. कुठं? माझ्याच वांग्यांवर. पाणी वाया कशाला घालवायचं!

दुपारच्या तासाला गावातलं लाल कुत्रं वर्गात आलं आणि माझ्या मांडीला नाक लावून बसलं. हाकललं तरी उठेना.

“काऊन रे,” गुरुजी म्हणाले, “हा आज गणित शिकाले आला काय?”

वर्ग फुटला. मैनीसुद्धा तोंडावर हात धरून हसत होती. त्या दिवसापासून माझं नाव सुकट पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहिलं तर डुकरं येऊन गेली होती. बोरीच्या काट्यांना तोंड लागल्यावर ती शहाणी जनावरं शेजारच्या उघड्या वाफ्यात शिरली, जिथं वासही होता आणि काटेही नव्हते. माझ्या वांग्यांच्या जागी म्हशीनं लोळावं असा खड्डा पडला होता. मैनी त्याच्या काठावर उभी राहून हळहळली. खिशातून वालाचे दोन दाणे काढून म्हणाली, “हे लाव. माह्या वेलाच्या बाजूले लाव, तो धरते याले.” तिची दया मला त्या डुकरांहून जास्त झोंबली. मी ते दाणे तलावात फेकले. मासेसुद्धा वर आले नाहीत.

आणि मग तो वेल उठला. काय सांगू! कार्तिकात तर तो वेल राहिलाच नाही, अंगात आलेला माणूस झाला. फांद्या ओलांडून भिंतीवर, भिंतीवरून कौलांवर, कौलांवरून परत खाली, आमच्या वर्गाच्या खिडकीत. गणित सोडवताना मान वर केली की डोळ्यांसमोर मैनीच्या शेंगा. वाऱ्यानं त्या गजांवर टिकटिक वाजायच्या. सोमवारी गुरुजी वेलाकडे बघत, मान हलवत, आणि तिला झारी देत. खत माझं, नाव तिचं. आणि हे सांगायची सोय नाही! असा जळफळाट कुणा वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मार्गशीर्षात शाळा बघायला मोठे साहेब येणार असं कळलं. गुरुजींनी भिंती सारवून घेतल्या, आमची नखं तपासली, आणि आदल्या दिवशी म्हणाले, “उद्या साहेबाले आपल्या बागेतल्या शेंगा खाऊ घालू. मैने, सकाळी तोडून ठेवजो.”

मैनी जागची उठली. “नाई गुरुजी. पंडुम नाई झाला.”

टोल्यावरची निम्मी पोरं वर्गात होती, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. नवं पीक आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, सगळ्या गावानं मिळून, मग तोंडात घालायचं. तो सण म्हणजे पंडुम. तो होईतो शेंग दारात लोंबत असली तरी तिला बोट लावायचं नाही.

“अवं, पण हा तं शाळेचा वेल हाय न?” गुरुजी म्हणाले.

“वेल शाळेचा हाय. शेंगा नव्या हाय.”

“मंग साहेबाले काय सांगू मी?”

मैनीनं जरा विचार केला. “सांगा, का थांबा.”

वर्ग हसला. गुरुजीही हसणार होते, पण साहेबांची भीती मोठी. ते खिडकीकडे बघत गप्प उभे राहिले. त्या गप्पपणात मला माझी झारी दिसली. मी हात वर केला. “मी तोडतो, गुरुजी. आमच्यात नाई चालत ते पंडुम.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कौलांवर चढून शेंगा तोडल्या. दोन टोपल्या. देठ तुटताना बारीक कट असा आवाज यायचा, आणि बोटांना तो ढेकणी वास चिकटून बसला. मैनी खाली उभी राहून बघत होती. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मी भांडणात चांगला होतो. साहेब आले, खिचडी खाल्ली, शेंगांची तारीफ केली, जीपमध्ये बसून गेले. मग आम्ही पंगतीला बसलो. मी मिटक्या मारत खात होतो. कडेनं नजर गेली तर टोल्यावरच्या पोरांच्या ताटल्या दिसल्या. प्रत्येकानं खिचडीतल्या शेंगा वेचून ताटलीच्या कडेला ठेवल्या होत्या. एकेक हिरवी ढिगोली. रांगेत एकापुढे एक, अगदी शेवटपर्यंत. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी गुरुजींनी झारी माझ्या हातात दिली. पान उलटून बघितलं नाही, डोळ्यांतही बघितलं नाही.

त्याच आठवड्यात टोल्यावर पंडुम होता. मैनी आदल्या दिवशी वर्गात फिरून सगळ्यांना सांगत होती, उद्या या म्हणून. माझ्यापाशी आली, थांबली, झारीकडे पाहिलं. “तू बी ये.”

“मले पाणी घालाचं हाय,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोजून सहा पोरं. दुपारनंतर तीही सटकली. गुरुजीही नाल्यापलीकडे गेले. मी एकटा, झारी भरून, सगळ्यांच्या वाफ्यांना पाणी घालत होतो. नाल्यापलीकडून ढोल ऐकू येत होता. मध्येच थांबायचा, मग पुन्हा लागायचा, आणि वाऱ्याबरोबर मोहाच्या धुराचा आणि शिजणाऱ्या शेंगांचा वास यायचा. माझ्या हातात माझा तो आवाज होता, सुपात सरकणाऱ्या तांदळाचा, ज्याच्यासाठी मी आख्खी सहामाही जळलो होतो. ऐकायला मात्र लाल कुत्रं सोडून कुणी नव्हतं. डावा गुडघा ओला झाला होता. खराखुरा, झारीनं. मी पळत घरी गेलो. दाराला कडी. आईसुद्धा मासे घेऊन टोल्यावर गेली होती. मी उंबऱ्यावर गुडघा पुढे करून बसलो, आणि तो हळूहळू वाळताना बघत राहिलो.

“ओ सर, तुमी झारीले किती गुण देता?”

मी दचकलो. तक्ता बगलेत मारून अजून झारीसमोरच उभा होतो. समोर दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधलेली पोरगी. पायल नाव, सातवी. या आठवड्याची झारीवाली हीच, हे मी नाव विचारायच्या आधी गुडघ्यावरून ओळखलं. गुरुजी गेले, कौलं जाऊन पत्रे आले, घंटेच्या जागी भोंगा आला, नळाला रबरी पाइप आला, पण सोमवारची रीत तशीच. मला पुन्हा कुरतडलं. बारा वर्षांच्या पोरीवर जळणारा सरकारी माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी.

साहेबी आवाज काढून मी तक्ता उघडला. “बागेतली भाजी खिचडीत टाकता का?”

“वांगी टाकतो. पालक टाकतो. वाल नाई.”

“काऊन?”

“पंडुम नाई झाला अजून.”

“कधी हाय?”

“गायता सांगल तेव्हा.” गायता म्हणजे त्यांचा पुजारी. “तवरक थांबा.”

मागून कुणीतरी हसलं. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात एक बाई पदराला हात पुसत उभी होती. खिचडी करणारी.

“यंदा तरी कौलावर चढू नोको, साहेब. कौलं राह्यले नाई, आन् पत्रा तुहं वजन धरत नाई.”

“मैनी?”

“वळखलं म्हणजे! काय गा सुकट, सुकट म्हणासारखा कुठी राह्यला तू? पुरा रोहू झाला.”

पायल खदखदून हसली. मैनीनं मला चहा दिला, कोरा, चुलीवरचा. आम्ही मांडवाखाली विटांवर बसलो. अहेरीहून येताना सगळ्या रस्त्याभर मी एक वाक्य घोकत आलो होतो, ती भेटलीच तर बोलायचं म्हणून. म्हटलं आता बोलून टाकू.

“मैनी, एक सांगाचं राह्यलं होतं. तो तुहा वेल... त्याच्या बुडाशी मी मासोळ्या पुरल्या होत्या. डुकरानं उकरावा म्हणून. तं त्याचं खत झालं. म्हणून तो तसा चढला.”

ती हसायची थांबली. कपातला चहा तसाच धरून वेलाकडे बघत राहिली.

“म्हणजे माहा हात चांगला नव्हता?”

“तसं नाई...”

“मी तं येवढे दिवस पोरायले सांगत आली, का माह्या हातचा वेल शाळेवर चढला होता.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “शेंगा तू तोडल्या. झारी तू नेली. आता वेल बी तुहाच म्हणून राह्यला काय?”

मी आपला समजत होतो की कबुली देतोय. तोंडातून बाहेर पडल्यावर तिचं रूप दिसलं. बावीस वर्षं दाबून ठेवलेला हक्क सांगायला मी एवढ्या लांब आलो होतो, तोही गळ्यात ओळखपत्र अडकवून. उंदीर मेला नव्हता, माफी मागताना तोच माझ्या तोंडून बोलत होता.

“तुहाच होता,” मी म्हणालो. “मासोळ्याचे हात तं मी माह्या वांग्यावर बी धुतले होते. त्याचं काय झालं?”

मैनीच्या ओठांचा कोपरा हलला. “आन् बोरीच्या काट्या माह्या होत्या.”

“काट्या तुह्या होत्या.”

“लिहून घे तुह्या कागदावर.”

तिच्या हसण्याबरोबर पायलही हसली, तिला त्यातलं काही ठाऊक नसताना. मी तक्ता पुढे ओढला. भाजी आहारात वापरली जाते का, या रकान्यात हो किंवा नाही लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘थांबावं.’ गुण मात्र पूर्ण दिले. वरचे साहेब विचारतील तेव्हा विचारोत.

“पंडुमले येजो,” मैनी म्हणाली. “का तेव्हा बी पाणी घालाचं राहील तुले?”

म्हणजे ते तिला आठवत होतं. मी येतो म्हणालो, चप्पल घातली, आणि निघता निघता काय अवदसा आठवली देव जाणे, पायलला म्हणालो, “बाई, एक फेरी मारू दे न झारीनं. एकच.”

तिनं झारी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तुमचा वाफा कुठी हाय?”

मैनीनं पदर तोंडात कोंबला. मी गाडीला किक मारली. आरशात पायल दिसत होती, झारी कलती करून वेलाच्या बुडाशी वाकलेली. गाडीच्या आवाजात ते तांदूळ सरकणं ऐकू येत नव्हतं, तरी मला ऐकू आलं.

वळणावरचा हातपंप अजून तिथंच आहे. मी थांबलो. मागे-पुढे कुणी नाही हे पाहिलं, पंपाला दोन हिसके दिले, आणि पँटच्या डाव्या गुडघ्यावर ओंजळभर पाणी ओतलं. मग अहेरीचा रस्ता धरला आणि गाडी जरा जोरातच हाणली, घरी पोचेस्तोवर वाळू नये म्हणून.